बंड्याला पत्र: बैठकीत कुठला कॅमेरा न्यायचा

धंतोली, नागपूर
नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस) चालू

प्रिय बंड्या,

तुझं पत्र मिळालं. लायका कॅमेरा घ्यायला तू पीएफमधून पैसे काढायला निघाला आहेस हे वाचून आधी हसू आलं, मग जरा धास्तीच वाटली. कारण तू एकच दिलं आहेस, "त्याचा आवाजच येत नाही म्हणतात." अबे, येतो ना! त्यातून तुला जे फोटो काढायचे आहेत, गाण्याच्या घरगुती बैठकीतले, मंद दिव्यातले, तिथे तर नक्कीच येतो. म्हणून हे लांबण. अर्ज भरण्याआधी एवढं वाचून घे.

तुझी तळमळ मला कळते. मागच्या हिवाळ्यातल्या त्या बैठकीत, ऐन विलंबितात, तुझा एफएम-२ कॅमेरा 'खट्टाक्' करून वाजला आणि बुवांनी डोळे उघडून थेट तुझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी तुझ्याच शेजारी मान खाली घालून सतरंजीचे दोरे मोजून राहिलो होतो. पण तो दोष तुझ्या कॅमेऱ्याचा नाही, एसएलआर या, लेन्समधलं दृश्य आरशावरून दाखवणाऱ्या जातीचाच आहे. बटण दाबलं की आधी आरसा वर आदळतो, मग फिल्मवर उजेड सोडणारे शटरचे पडदे पळतात, मग आरसा परत खाली येतो. लायका ज्या जातीचा, त्या रेंजफाइंडरमध्ये आरसाच नसतो. आपण बाजूच्या खिडकीतून पाहतो आणि मधल्या चौकोनातल्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसवून फोकस करतो. आरशाची आदळआपट गेली की उरतो फक्त शटरचा आवाज. आणि शटर काही सगळ्यांचं सारखं नसतं.

मागच्या आठवड्यात मी घरी चक्क दरबारच भरवला. बाबांचा याशिका इलेक्ट्रो, माझा कॅनोनेट, कपाटातला रशियन झोर्की-४ एवढे रेंजफाइंडर तर घरचेच होते. रामदासपेठेतल्या एका काकांनी त्यांचा लायका एम३ आणला. आणला म्हणजे स्वतः सोबत आले, माझ्या हातात देताना पट्टा मात्र सोडला नाही. त्यांचा भाचा बेसा आर२ए हा रेंजफाइंडर घेऊन आला. परीक्षक कोण, तर आमची आई. तिचा कान तुला माहीतच आहे, तंबोऱ्याची एक तार उतरली तरी स्वयंपाकघरातून ओरडते. तिला दिवाणावर पाठमोरी बसवलं आणि आम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे. अडचण एकच होती. कूलर चालू असला की काही ऐकू येईना, आणि बंद केला की कोणी बसेना. शेवटी रात्री उशिरा कूलर बंद करून, घाम पुसत पुसत, एकेक कॅमेरा वाजवला.

बेसा वाजला तशी आई म्हणाली, "हा खेकसतो." झोर्कीला म्हणाली, "हा जुना दिसतो." एम३ एकसाठांशवर (सेकंदाचा साठावा भाग) वाजवला तर जरा थांबून म्हणाली, "हा बरा. कोणीतरी हळूच दार लोटल्यासारखा." काकांची छाती फुगली. मग मी कॅनोनेट वाजवला. काहीच बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणते, "दाबतोस ना? मग दाब की लवकर, उकडून राहिलं."

असं का होतं ते सांगतो, म्हणजे तू पुन्हा कोणाच्या ऐकीव गोष्टीवर जाणार नाहीस. १९५४ च्या एम३ मध्ये रबर चढवलेल्या कापडाचे दोन पडदे आहेत. ते फिल्मच्या अगदी पुढून आडवे, ३६ मिलिमीटर धावतात. कापड हलकं, धाव संथ, त्यामुळे थांबतानाचा धक्का मऊ. संथ किती, तर फ्लॅशसाठी एकपन्नासांशच्या वर जाताच येत नाही. बेसामधलं शटर धातूच्या पात्यांचं, वरून खाली २४ मिलिमीटर धावणारं. पाती वेगाने जातात आणि तितक्याच जोरात थांबतात. फ्लॅश एकशेपंचविसांशला चालतो तो त्यामुळेच. शिवाय आरसा नसल्याने उजेड थेट पात्यांवर पडतो, तो अडवायला पात्यांचा आणखी एक संच पुढे लावलेला आहे. म्हणजे हलणारं धातू जास्त, आदळणारं धातू जास्त. तो 'चट्ट' आवाज फार मोठा नसेल, पण तीक्ष्ण असतो. माणसाचा कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट. लायकाचा खर्जातला 'ठप्प' तंबोऱ्याच्या नादात मुरून जातो, बेसाचा 'चट्ट' त्यावर तरंगतो.

कॅनोनेट आणि याशिकाची तऱ्हाच वेगळी. त्यांचं शटर लेन्सच्या पोटात असतं. छोटी छोटी पाती मधून बाहेर उघडतात आणि मिटतात, बस. वजन नाही की धाव नाही. वरचा वेग एकपाचशेवरच, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागावरच, संपतो म्हणून लोक नाकं मुरडतात, पण बैठकीत तुला एकपाचशे कोण देणार? माझा कॅनोनेट क्यूएल१७ जी-थ्री, १९७२ चं मॉडेल, लेन्सचं छिद्र एफ १.७ पर्यंत उघडतं. चारशेचा (उजेड टिपायच्या ताकदीचा आकडा) रोल, छिद्र एफ २, वेग एकतिसांश (१/३०), हे आपल्या घरगुती बैठकीचं गणित. त्या वेगाला त्याचा आवाज मलाही जेमतेम येतो, आणि मी तर डोळा लावून बसलेला असतो.

यावरून आठवलं. आपल्या कॅमेऱ्याचा आवाज आपल्याला नेहमी जास्त वाटतो. कॅमेरा गालाला, नाकाला टेकलेला असतो, हाडातूनच कानात जातो. दुकानात डोळ्याला लावून 'वा, किती शांत' किंवा 'बाप रे, केवढा' म्हणण्याला काही अर्थ नाही. कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि आपण गवयाच्या जागी जाऊन बसायचं. मोबाइलवर डेसिबल मोजण्याच्या नादालाही लागू नको. आवाज मोजणाऱ्या खऱ्या मीटरचा 'फास्ट' मोडसुद्धा एक अष्टमांश सेकंदाची सरासरी काढतो, आणि शटरचा टोला त्याहून कितीतरी लहान. आकडा येतो, कान काय ऐकतो ते येत नाही. काकांचा भाचा आकडे दाखवून राहिला होता, आईने त्याला चहा करायला पाठवलं.

आता लायकाची गोम ऐक. एकसाठांशवर तो खरंच देखणा वाजतो, नाही म्हणणार नाही. पण काकांना म्हटलं, आता एकअष्टमांश लावा. 'ठप्प'च्या आधी आतून 'झुर्रर्र' असा आवाज निघाला. आई वळलीच, "हे काय कुरकुरून राहिलं?" संथ वेगाला दुसरा पडदा अडवून धरायला आत चाकांची एक साखळी असते, ती तेवढा वेळ फिरत राहते. एक सेकंद लावलास तर सेकंदभर गुरगुरते. म्हणजे लायकाची जी कीर्ती आहे ती उजेडातल्या वेगांची आहे, आणि तुला जायचं आहे अंधारात. कॅनोनेटमध्येही संथ वेगाला अशीच चाकं आहेत, एकचतुर्थांशला तोही 'झिर्र' करतो, फक्त लहान आवाजात.

इथे बाबांच्या याशिकाने सगळ्यांना खाल्लं. इलेक्ट्रो नाव उगाच नाही. १९६६ पासूनची ही मालिका, बाबांचा त्यातला जीएसएन. त्याची पाती चाकं नव्हे तर विजेचं चुंबक धरून ठेवतं. अर्धा सेकंद उघडं राहिलं तरी मधे संपूर्ण शांतता. सुरुवातीला एक 'टिक्', शेवटी एक 'टिक्'. लायकालाही हे पुढे सुचलंच, २००२ च्या एम७ मध्ये विजेवरचं शटर दिलं, तो संथ वेगाला गुरगुरत नाही. पण एम७ ची किंमत तू बघितलीस तर पीएफसोबत ग्रॅच्युइटीही काढशील.

याशिकाचा त्रास दुसरा. लेन्सचं छिद्र आपण ठरवायचं, वेग तो ठरवणार, आणि तो काय ठरवला ते सांगणार नाही. एकतिसांशच्या खाली गेला की पिवळा दिवा लावतो एवढंच. बैठकीत मागे काळा अंधार, पुढे पांढरा कुडता, तर त्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला वाटतं सगळंच काळं आहे, आणि तो उघडा ठेवून बसतो. कुडता भाजून निघतो, नुसता पांढराफटक. त्यावर उपाय म्हणजे रोल चारशेचा असला तरी चकतीवर आठशे लावायचे, म्हणजे तो कमी वेळ उघडतो. जमतं.

पण आईची खरी तक्रार शेवटी निघाली. "फोटो काढतोस ते ठीक आहे रे. पण नंतर ते कर्रकट् काय करतोस?" लिव्हर, म्हणजे रोल पुढे सरकवायचा दांडा! सगळे पोट्टे शटरवर भांडत बसतात आणि लिव्हरचं कोणी नावच काढत नाही. शांत शटरवाल्या कॅमेऱ्यात तर लिव्हरच सगळ्यात मोठा आवाज असतो. याशिकाचं लिव्हर ओढल्यावर आतून एक 'ठक्' येतो. तो आलाच पाहिजे, नाही आला तर आतला रबरी ठोकळा झिजला समज. त्या मानाने झोर्कीची गोल घुंडी बोटाने सावकाश फिरवता येते, आवाज वाटेल तितका पसरवून. आणि मोटरवाले रेंजफाइंडर, १९९९ चा कोनिका हेक्सार आरएफ वगैरे, त्यांचा तर विषयच नको. शटर झालं की लगेच 'झिंग' करून रोल पुढे सरकणार, तुझ्या हातात काहीच नाही.

म्हणून माझी रीत सांगतो. आलापात बटणाला हात लावायचा नाही, कॅमेरा कुठलाही असो. तबला सुरू झाला की सम बघायची. गवयाचा हात सुटतो, मान जाते, तबलजी 'धा' टाकतो, त्या क्षणी दाबायचं. चेहरा त्याच वेळी सगळ्यात फुलतो आणि आवाज 'धा'च्या पोटात जातो. लिव्हर मात्र लगेच ओढायचं नाही. 'क्या बात है' होऊ द्यायचं, आणि इथे ते होतंच, त्यात ओढून घ्यायचं. एका आवर्तनात एकच फोटो मिळतो. मिळू दे. तुला कुठे छत्तीस फोटो छापायचे आहेत? चामड्याची अर्धी केस असेल तर चढवून ठेव, अंग कमी वाजतं.

मोठ्या हॉलचं बोलायचं तर, देशपांडे सभागृहात माइक-स्पीकर लागलेले असताना तुझा एफएम-२ सुद्धा चालून जाईल. तिथे लायका न्यायचा असेल तर फक्त मिरवायला ने.

एवढं वाचूनही लायकाच घ्यायचा असेल, तर घे, माझी ना नाही. वस्तू सुंदर आहे. पण एक कर, एक सेकंदावर लावून डोळे मिटून ऐक. गुरगुर एकसारखी, एका सुरात यायला हवी. मधेच दमली, अडखळली, तर आतलं तेल सुकलेलं. जुन्या कॅनोनेटचं याहून वाईट, पात्यांवर तेल उतरून ती चिकटतात. बाहेरून 'टिच्' ऐकू येतो आणि पाती हललेलीच नसतात. तिथे कानावर विसंबू नको, मागचं झाकण उघडून उजेडाकडे धरून बघ.

आणि आपलं ऊन विसरू नको. कापडी पडद्याचा रेंजफाइंडर लेन्स उघडी ठेवून उन्हात टेबलावर ठेवलास, तर आरसा नसल्याने सूर्य थेट पडद्यावर उतरतो आणि भोक पाडतो. सत्तेचाळीस डिग्रीच्या शहरात हे सांगायला नको, पण तू टोपण हरवण्यात पटाईत.

तर माझं म्हणणं, डिसेंबरात ये. तेव्हा कूलर नाहीत, पंखे नाहीत, लोक शाली गुंडाळून बसतात आणि श्वाससुद्धा ऐकू येतो. खरी परीक्षा तेव्हाच. कॅनोनेट आणि याशिका दोन्ही तुझ्यासाठी साफ करून ठेवतो. काकांनाही सांगितलं आहे, ते एम३ घेऊन येतील, पट्ट्यासकट. एकाच बैठकीत तिन्ही वापर, मग पीएफच्या अर्जावर सही कर. चारशेचे रोल तिकडूनच आण, इथे कधी मिळतात, कधी नाही.

वहिनींना नमस्कार. आई तुला विचारून राहिली होती, हुरडा खायला थांबणार की गाडी पकडायला पळणार.

तुझा,
नान्या

ता.क. बॅटरीचं राहिलंच. याशिका आणि कॅनोनेट, दोघांच्याही मूळ पाऱ्याच्या बॅटऱ्या आता बनत नाहीत. याशिकाला ६ व्होल्टची ४एलआर४४ चालते, लांबीला कमी पडते म्हणून मी मागे स्प्रिंग घातली आहे. बॅटरी नसली तर तो फक्त एकपाचशेवर वाजतो, म्हणजे बैठकीत निरुपयोगी. कॅनोनेट बॅटरीशिवायही सगळ्या वेगांना चालतो, मीटर तेवढा मरतो. एक जादा बॅटरी खिशात ठेव.