काकूंच्या मांडीचं मांस कुठे गेलं?

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, रात्री

प्रिय दिलीप,

परवा जिन्यात निरोप घेताना तू विचारलंस, "दूध, अंडी, मुगाची खिचडी, सगळं वेळेवर देतोय. तरी ऑपरेशननंतर तीन आठवड्यांत आईच्या मांडीला हाड लागायला लागलं. माझं काय चुकलं?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. तेच मनात घोळतंय, म्हणून लिहितो.

तुझं काहीही चुकलेलं नाही. 'स्नायू झिजले' असं आपण म्हणतो, पण झिजतो तो साबण. स्नायू उतरवले जातात, आणि ते काम पेशी स्वतः करते. आमच्या समोरचा वाडा उतरवला तेव्हा तू होतास ना? आधी पाचरी सैल केल्या, मग तुळयांवर खडूच्या खुणा, मग एकेक सागवानी खांब गाडीत. इथेही तसंच. कॅल्पेन आणि कॅस्पेजसारखी एन्झाइम्स घट्ट विणलेले तंतू आधी सैल करतात. मग सुट्या झालेल्या प्रथिनावर खूण लागते, ती युबिक्विटिनची. हे स्वतःच ७६ अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रथिन. अशा खुणांची साखळी लागली की प्रोटिएझोम नावाच्या पिंपात त्या प्रथिनाचे तुकडे होतात. ही खुणेची पद्धत शोधणाऱ्या तिघांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

स्नायूंत ही खूण लावणारी दोन एन्झाइम्स, ॲट्रोजिन-१ आणि मर्फ-१, २००१ साली सापडली. यांपैकी एकाचं जरी जनुक काढून टाकलं, तरी नस कापलेल्या उंदरांचे स्नायू कमी खंगले. मला अजूनही तो प्रयोग विलक्षण वाटतो.

आणि या दोघांना कामाला लावतं फॉक्सओ, म्हणजे पेशीकेंद्रात जाऊन जनुकं चालू करणारं प्रथिन. एरवी इन्सुलिनसारख्या संदेशांवर चालणारं एकेटी नावाचं एन्झाइम त्याला पेशीकेंद्राबाहेर थोपवून धरतं. काकूंचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढलं, अंगात दाह, त्यात पाय निश्चल. थोपवणारा हात ढिला पडला. तू वाढलेलं अन्न पोहोचत होतंच रे, पण वयस्क आणि न हलणारा स्नायू तेवढ्याच प्रथिनाला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाही. विटा दारात येऊन पडल्या, गवंडी आलाच नाही.

मग ही तोडफोड औषधाने सरसकट बंदच का करू नये, असं तुला वाटेल. मला ते पटत नाही. उंदरांच्या स्नायूंत ऑटोफॅजी, म्हणजे पेशीतली दुसरी साफसफाई, बंद केली, तर स्नायू टिकण्याऐवजी आणखी खंगले. बिघडलेला माल उचलायला माणूस लागतोच.

म्हणून त्या फिजिओथेरपिस्ट बाईंचं टाच दाबून धरणं, वॉकर धरून दोन मिनिटं उभं राहणं, हे क्षुल्लक समजू नकोस. आहार चालू ठेवच, पण त्या बाईंना विचारून पायावर थोडा थोडा भार येऊ दे. गवंड्याला बोलावणं जातं ते त्या भारातून. काकू "दुखतंय" म्हणाल्या की तुझा जीव खालीवर होतो, मला कळतं.

गुरुवारी चारला मी येतो. काकूंना मी उभं करीन, तू तासभर झोप.

तुझा,
मनोहर