पुलाखालचा रियाज

बडोदे, १२ जुलै

प्रिय बंड्या,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर राहिलं ते एका तबकडीपायी. आता तबकडी कुठली म्हणा, फोनवर लिंक आली, पण तोंडात जुना शब्दच येतो. समोरच्या वाड्यातल्या काकूंचा नातू, तो सॅक्सोफोनवाला, त्याचा पहिला अल्बम निघाला. जॅझच्या सहा चिजा.

अमेरिकेतल्या सॅक्सोफोनवाल्या सॉनी रॉलिन्सची गोष्ट तूच सांगितली होतीस. १९५९ च्या सुमारास शेजारीण गरोदर, तिला त्रास नको म्हणून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन वाजवायचा. आमच्याकडची शेजारीण गरोदर नव्हती, नुसती चिडकी होती. पोरानं तीन वर्षं विश्वामित्रीच्या पुलाखाली रियाज केला. श्रोते कोण, तर मगरी!

पहिल्या दोन चिजा ऐकून मी खट्टू झालो. पाहुणा आला की फराळाचे सगळे डबे एकदम पुढ्यात मांडावेत, तसं येतं तेवढं सगळं ओतलंय. तिसरा बारा बारचा ब्लूज, जॅझवाल्यांचा ठरलेला साचा. बार म्हणजे आपला तालाचा विभाग. एका बारला चार मात्रा, म्हणजे आवर्तन ४८ मात्रांचं. मी आपला बोटांवर मोजतोय. मान हलवायला तयार, तर हा समेवर येतच नाही, एक मात्रा उलटल्यावर हळूच उतरतो. तिसऱ्यांदा ऐकताना कळलं, सम बासवाल्यानं, म्हणजे खर्जातलं मोठं तंतुवाद्य वाजवणाऱ्यानं, धरून ठेवलीय.

पण खरी पाचवी. संथ, साथीला फक्त बास. चाव्यांखालच्या चामडी गाद्या मिटतानाची टपटप ऐकू येते, श्वास घेतलेला ऐकू येतो. रेकॉर्डिंगवाला ते पुसणार होता, ह्यानं पुसू दिलं नाही. शाबास! शेवटच्या चिजेत तबला का घातलाय ते मात्र तोच जाणे.

परवा वाद्याच्या तोंडाशी लावायची रीड दाखवायला आला. बोरूसारख्या गवताची पातळ पट्टी. वाद्य सगळं पितळेचं, तरी ह्या पट्टीपायी त्याची गणना लाकडी सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या, वाद्यांत. वाजवण्याआधी तोंडात भिजवत बसतो. काकूंना वाटतं सुपारीची सवय लागली. पावसात पट्ट्या बिघडतात. दहाच्या डबीतल्या तीनच धड निघाल्या म्हणून तोंड पाडून बसला होता.

कट्ट्यावर आपले एक बुजुर्ग गरजले, "सयाजीरावांनी १८८६ साली मौलाबक्ष गवयांच्या हाती गायनशाळा दिली ती ह्यासाठी?" मी म्हटलं, त्याच मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ १९१० मध्ये इथलं गाणं घेऊन अमेरिकेला गेले. तिकडचं थोडं इकडे आलं तर बिघडलं काय? त्यांनी चहा संपवला आणि विषय पावसावर नेला.

आता मुद्द्याचं. १९७८ च्या मुंबईच्या 'जॅझ यात्रा' महोत्सवात तू रॉलिन्सला ऐकलंस, हे मी त्या पोराला सांगून बसलोय. दिवाळीत वहिनींना घेऊन येशील तेव्हा तो तुला सोडणार नाही. उभा कसा राहायचा, श्वास कुठे घ्यायचा, सगळं विचारणार. थापा मारू नकोस. पार मागे बसला होतास, पुढच्याच्या डोक्याआड काही दिसलं नाही, हे तूच मला सांगितलं होतंस. ऐकू काय आलं तेवढंच सांग.

तुझा,
बाळ्या