वहिनींबरोबर थायलंडला जाण्यापूर्वी

शाहूपुरी, कोल्हापूर
दि. १२ जुलै

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

वहिनींना थायलंडमधील शाळेत इंग्रजी शिकवण्याची नोकरी मिळते आहे, तर आपण बरोबर गेलो तर आपल्यालाही तिथे "काहीतरी शिकवायला" मिळेल का, असे तू परवा फोनवर विचारलेस. त्या वेळी प्रेसवर लग्नपत्रिकेचे गिऱ्हाईक समोर उभे होते, त्यामुळे "मिळेल रे, बघू" एवढे बोलून मी फोन ठेवला. ते उत्तर चुकीचे होते. दोन वर्षांपूर्वी मलाही नेमके तेच उत्तर कोणीतरी दिले होते आणि त्याची किंमत मी नऊ महिने मोजली, म्हणून आता सविस्तर लिहितो आहे.

आमची गोष्ट तुला वरवर माहीत आहेच. ही एम.ए., बी.एड., वर्गातला नऊ वर्षांचा अनुभव असलेली. आणि मी शिवाजी विद्यापीठाचा बी.कॉम., ज्याने आयुष्यात शाई, कागद आणि प्रूफ यांपलीकडे काही हाताळले नाही. २०२३ च्या एप्रिलअखेर आम्ही बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर उतरलो आणि तिथून बसने खोरातला, म्हणजे नाखोन राचासिमाला गेलो, कारण तिकडची शाळा मेच्या मध्याला सुरू होते. हिचा व्हिसा नोकरीचा, माझा तिच्यावर अवलंबून असलेल्या नवऱ्याचा. दोन्ही शिक्के शेजारी शेजारी पाहताना विमानात मला गंमत वाटली होती. त्या दोन शिक्क्यांतला फरक पुढे रोज सकाळी कळू लागला.

जूनमधल्या एका गुरुवारी शाळेत "वाय ख्रू" झाला. ही त्यांची गुरुपौर्णिमाच म्हण. ख्रू म्हणजे आपलाच गुरू. विद्यापीठातल्या शिक्षकाला ते "आचान" म्हणतात, तो आपला आचार्य. मुले गुडघ्यांवर चालत येऊन शिक्षकांपुढे फुलांची तबके ठेवतात आणि त्यांत चक्क दूर्वा असतात, कारण दूर्वा जशी झपाट्याने पसरते तशी बुद्धी पसरावी असा त्यांचा भाव. ही व्यासपीठावर खुर्चीत बसली होती आणि मी मागे, पालकांच्या गर्दीत, मोबाइल धरून. मला आनंद झाला हे खरे, पण एका बाईंनी "तुम्ही काय करता?" असे विचारले तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते, हेही तितकेच खरे.

अशा मन:स्थितीतला माणूस चुकीच्या गोष्टीला पटकन हो म्हणतो. शाळेबाहेरच्या एका खासगी शिकवणीच्या मालकाने मला शनिवारी लहान मुलांशी "नुसते इंग्रजीत बोलायला" बोलावले, तासाला तीनशे बाट, रोख. कागदपत्रांचे विचारले तर तो हसून म्हणाला की हे शिकवणे नाही, गप्पा आहेत. तिथल्या कायद्यात गप्पांना वेगळे कलम नाही. परवान्याशिवाय काम करणाऱ्या परदेशी माणसाला पाच हजार ते पन्नास हजार बाट दंड आणि देशाबाहेर रवानगी, शिवाय पुढे दोन वर्षे कामाचा परवाना नाही, असा तो नियम आहे. मालकालाही दंड होतो, पण तो आपल्या घरी राहतो. अकराव्या शनिवारी शेजारच्या दुकानात कामगार खात्याचे लोक आले, तेव्हा मला घाईघाईने झेरॉक्सच्या खोलीत बसवले गेले. तिथे मशीन टोनर गाळत होते, ते माझ्यातल्या प्रेसवाल्याला बघवेना, आणि बाहेर जायचीही सोय नाही. त्या पाऊण तासात मला दंडापेक्षा हिची भीती वाटली. मी पकडला गेलो असतो तर मी जिच्या नावावर त्या देशात राहत होतो, तिच्या शाळेत चौकशी गेली असती. घरी येऊन सगळे सांगितले. ही ओरडली नाही, फक्त दोन दिवस बोलली नाही. तुला हिचा स्वभाव माहीत आहे.

दुसरी गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. परवान्याचा प्रश्न नसता तरी ते शिकवणे वाईटच होते. आपण दोघे मराठी शाळेत पाचवीत इंग्रजीला भिडलो आणि पुढे व्यवहारापुरते बोलू लागलो, म्हणून बोलता येते म्हणजे शिकवता येते असे मी गृहीत धरले. एका मुलाने विचारले, "आय एट" आणि "आय हॅव ईटन" यांत फरक काय? मी दोन-तीन उदाहरणे दिली, ती एकमेकांना छेद देत होती. थाई भाषेत क्रियापद काळाप्रमाणे बदलतच नाही. वेळ वेगळ्या शब्दाने दाखवतात. तेव्हा त्या मुलाची अडचण किती मूलभूत आहे हेच मला उमगले नव्हते. रात्री हिला विचारले, तर तिने भाजी चिरता चिरता सांगितले: "मी जेवलो" आणि "मी जेवलो आहे". दुसऱ्यात आत्ता पोट भरलेले आहे, म्हणून तुम्ही वाढू नका. मग मुलांना विचारायचे, आत्ता भूक आहे का? केव्हा जेवला हे सांगितले का? दोन प्रश्नांत फरक त्यांच्या तोंडून येतो. जन्मभर मराठी बोलून मला हे कधी दिसले नव्हते आणि ती ते वर्गात नऊ वर्षे वापरत होती.

एवढे असूनही त्याच शाळेत इंग्लंडहून आलेल्या तेवीस वर्षांच्या मुलाला हिच्यापेक्षा जास्त पगार होता, कारण इंग्रजी त्याची मातृभाषा. जाहिरातींतही हीच अट उघडपणे लिहिलेली असते. वहिनींनी हे मनाची तयारी करूनच जावे; बी.एड.मुळे काम मिळते, मान हळूहळू मिळतो, पगाराची रांग मात्र पासपोर्ट पाहून लागते. माझा यावरचा राग अजून गेलेला नाही.

झेरॉक्सच्या खोलीनंतर मी केंब्रिजचा सेल्टा हा इंग्रजी शिकवण्याचा अभ्यासक्रम ऑनलाइन केला. एकशे वीस तासांचा असतो आणि त्यातले सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना, परीक्षक पाहत असताना, शिकवावे लागते. पहिल्या पाठानंतर शेरा आला की पंचेचाळीस मिनिटांपैकी तीसेक मिनिटे मीच बोललो. मग हिच्या शाळेने माझ्यासाठी तिथल्या शिक्षक परिषदेकडे अर्ज केला. शिक्षकाचा परवाना नसलेल्याला कोणत्याही विषयातली पदवी असेल तर शाळेमार्फत दोन वर्षांची तात्पुरती मुभा मिळू शकते. त्याशिवाय आपल्यासारख्यांकडून इंग्रजीच्या परीक्षेचे गुणही मागतात. व्हिसा बदलण्यासाठी रेल्वेने सीमेपर्यंत जाऊन लाओसमधल्या व्हिएंतियानला फेरी झाली. मे २०२३ पासून मोजले तर मी कायदेशीररीत्या वर्गात उभा राहिलो तो दहाव्या महिन्यात.

आता तुझ्याबद्दल, आणि इथे मी गोड बोलणार नाही. त्या नियमात पदवी लागते आणि तुझ्याकडे मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे. माझ्यासाठी जे दार शेवटी उघडले, ते तुझ्यासाठी सेल्टा करूनही तिथे उघडणार नाही. म्हणून वहिनींच्या मुलाखतीत शाळेने "मिस्टरही शिकवतील का?" असे विचारले, आणि ते विचारतात, तर वहिनींनी "नाही, ते शिक्षक नाहीत" असे स्वच्छ सांगावे. तिथे हो म्हटले की पुढे शाळेची गरज आणि तुझा मोकळा वेळ मिळून तुला कुठल्यातरी झेरॉक्सच्या खोलीपर्यंत नेतील.

मग तू काय करायचेस? पुण्याच्या कंपनीचे ड्रॉइंगचे काम घरून चालू ठेवण्याचा तुझा विचार मला सगळ्यांत बरा वाटतो, पण तेही नवऱ्याच्या व्हिसावर गुपचूप करू नकोस. २०२४ च्या जुलैपासून थायलंडने दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांचा वेगळा व्हिसा काढला आहे. त्याला खात्यात पाच लाख बाट दाखवावे लागतात. ती रक्कम तुला जमते का, हे घरात बसून मोजा. ते जमत नसेल तर वहिनींनी जपानकडेही पाहावे, कारण तिथे जोडीदाराला परवानगी घेऊन आठवड्याला अठ्ठावीस तासांपर्यंत काम करता येते. आणि काहीच जमत नसेल तर एक वर्ष तू घर सांभाळ. परवाना मिळेपर्यंत मीही शेवटी तेच केले, वाईट केले नाही. फक्त सुरुवातीपासून तसे ठरवले असते तर हिच्यावर आणि स्वतःवर कमी चिडून ते केले असते.

विवाह नोंदणीचा दाखला आजच शोध. वहिनींचे नाव दाखल्यावर एक आणि पासपोर्टवर दुसरे असेल तर आधी ते दुरुस्त करून घे, कारण तो कागद मंत्रालय, परराष्ट्र मंत्रालय आणि थाई दूतावास असा फिरून येतो आणि एका अक्षरासाठी परत पाठवतात. आमच्या दाखल्यात आडनावात एक "ए" जास्त होता. त्यासाठी महापालिकेत चार खेपा झाल्या आणि प्रेस तीन दिवस बंद राहिला.

शाळेने पाठवलेल्या कराराची प्रत मला रविवारपर्यंत पाठव. जोडीदाराच्या व्हिसाचा खर्च कोण करणार, याची ओळ त्यात कुठे आणि कशी लिहिली आहे, ते मला स्वतः वाचायचे आहे. वहिनींना नमस्कार सांग, मुलीला आशीर्वाद.

तुझाच,
प्रेसवाला