मंगाचे वर्गीकरण: वाचकवर्ग वेगळा, आशय वेगळा

महोदय,

खानदेशातील शाळकरी मुले आता मोबाइलवर मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचू लागली आहेत आणि ‘शोनेन’ अशी खूण असलेली कथा मुलांना द्यावी का, असे पालक आम्हा ग्रंथालयवाल्यांना विचारतात. त्या खुणेवर विसंबून उत्तर देता येत नाही. शोनेन, शोजो, सेइनेन आणि जोसेइ हे कथाप्रकार नसून, ती कथा ज्या नियतकालिकात क्रमशः छापली गेली त्याचा अपेक्षित वाचक कोण, एवढेच हे शब्द सांगतात: अनुक्रमे मुलगे, मुली, प्रौढ पुरुष आणि प्रौढ स्त्रिया. ‘डेथ नोट’ २००३ ते २००६ या काळात ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात आली म्हणून ती शोनेन. तिचा विद्यार्थी नायक वहीत नावे लिहून माणसे मारतो, हे त्या खुणेवरून कोणत्या पालकाला कळणार?

तरीही अनेक ॲपवर शोनेन, विनोद, शाळा, रक्तपात, इसेकाई (नायक दुसऱ्याच जगात जाऊन पोहोचतो अशी कथा) अशा खुणा एकाच लांबलचक यादीत, तीही बहुधा अक्षरक्रमाने, कोंबलेल्या असतात. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरणात, म्हणजे ग्रंथांची विषयवार विभागणी करण्याच्या पद्धतीत, विषयाचे पैलू सुटे करून मग जोडण्याची पद्धत घालून दिली. ग्रंथालयशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी ती शिकतो, ॲप बनवणाऱ्यांना मात्र तिचा पत्ता दिसत नाही. वाचकवर्ग, कथाप्रकार, कथेची पार्श्वभूमी आणि आशयाबाबतच्या सूचना यांच्या रांगा वेगळ्या हव्यात. दोन खुणा निवडल्यावर दोन्ही असलेल्या कथा येणार की दोहोंपैकी एक असलेल्याही, हे पडद्यावर स्पष्ट लिहिलेले असावे. ‘वगळा’ ही सोय तर मला निवडीइतकीच मोलाची वाटते, कारण क्रीडाकथा हवी पण रक्तपात नको, अशीच मागणी आमच्याकडे अधिक येते.

खुणा कोण लावतो, हाही प्रश्न आहेच. एखाद्या प्रकरणात दोघांनी हात धरला की साऱ्या मालिकेला ‘प्रेमकथा’ ठरवण्याचा उत्साह वाचकांत असतो, म्हणून सुचवणे वाचकांकडे आणि मान्यता देणे संपादकाकडे ठेवावे, मुख्य व गौण खुणा वेगळ्या दाखवाव्यात आणि प्रत्येक खुणेची दोन ओळींची व्याख्या सोबत असावी. आशयाच्या सूचनांनी कधी कधी कथानकाचे रहस्य फुटते. तेवढ्यासाठी त्या गाळू नयेत, ज्याला हव्या असतील त्याने बोट लावल्यावर उघडाव्यात.

– एक ग्रंथपाल, अमळनेर (जि. जळगाव)