आजारी तान्ह्यासोबतच्या आईचं कोण बघणार?

महोदय,

पावसाने जोर धरला की कोकणातल्या रुग्णालयांत धाप लागलेली तान्ही बाळं येऊ लागतात. यातल्या बऱ्याच जणांच्या दुखण्यामागे आरएसव्ही हा विषाणू असतो. दोन वर्षांचं होईपर्यंत जवळपास प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतोच. मोठ्या भावंडाची ती नुसती सर्दी असते, दोन महिन्यांच्या बाळाच्या बारीक श्वासनलिका मात्र सुजतात, कफाने भरतात आणि घरातलं कुणीतरी घाबरून म्हणतं, "बाळाचं पोट उडतंय." वेळेत प्राणवायू मिळाला, नळीने दूध पोटात गेलं, तर बहुतेक बाळं सुखरूप घरी येतात. पण तेवढ्या दिवसांत त्या घराची काय दशा होते, याची नोंद कुठल्याच केसपेपरवर नसते.

माझी भाची बाळंतपणासाठी माहेरी, आमच्या वाडीत आली होती. नवरा मुंबईत कंत्राटी नोकरीला. बाळाला आधी तालुक्याला नेलं, तिथून पुढे पाठवलं आणि शेवटी भर पावसात घाट चढून कोल्हापूर गाठलं. सिझरला दोन महिनेही झाले नव्हते, तरी ती रात्रंदिवस खाटेशेजारच्या स्टुलावर बसून होती. धाप असल्याने बाळाला अंगावर पाजायचं नव्हतं. दूध वाटीत काढून द्यावं लागे. छाती दगडासारखी झाली, ताप भरला, तरी तिची चौकशी कुणी केली नाही, कारण पेशंट ती नव्हती. जावई बिनपगारी रजा टाकून आले आणि बाहेरच्या व्हरांड्यात चटई टाकून झोपले. औषधाला पैसे पडले नाहीत, पण जेवणखाण आणि येण्याजाण्यातच हातातली शिल्लक संपली. त्यात फोनवरून बोल लावणारे होतेच. ओल्या केसांनी बाळाला घेतलंस, थंड खाल्लंस, म्हणून दुधातून बाधलं! हा संसर्ग खोकणाऱ्या-शिंकणाऱ्या माणसांकडून आणि न धुतलेल्या हातांवरून येतो. बाळ बघायला आलेल्या आम्हा पाहुण्यांपैकीच कुणीतरी तो आणला असणार. त्या पोरीला दोष देणं सरळसरळ अन्याय आहे.

घरी आल्यावरही ती झोपेना. रात्री उठून बाळाच्या नाकाखाली बोट धरायची, टॉर्च लावून छाती बघत बसायची. शेवटी आमच्या आशाताईंनी तिला मिनिटभर श्वास मोजायला शिकवलं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा जास्त श्वास होत असतील, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ पीत नसेल, तर थांबायचं नाही. एवढं कळल्यावर तिची भीती गेली असं नाही, पण तिला धरायला काहीतरी मिळालं. हे घरी पाठवतानाच शिकवायला किती वेळ लागतो?

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार आणि वाहन मोफत आहे, हे फार मोठं काम आहे. पण सोबतच्या माणसाची मजुरी बुडते, तिचं काय? पोषण पुनर्वसन केंद्रात कुपोषित मुलासोबत राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी मिळते. धाप लागून दाखल झालेल्या बाळाच्या आईलाही ती मिळायला हवी. आईच्या जेवणाची आणि पाठ टेकण्यापुरत्या जागेची सोयही तिथेच व्हावी.

न्यूमोनियाविरुद्धची 'सांस' मोहीम दरवर्षी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत राबवली जाते. आमच्याकडे चुलीजवळ बाळाची दुपटी सुकवायचा आणि धूर घरातच कोंडायचा काळ म्हणजे जून ते सप्टेंबर. कोकणात ही मोहीम पावसाआधी सुरू करावी. आणखी एक. आशाताईंच्या ठरलेल्या गृहभेटी बाळ ४२ दिवसांचं होईपर्यंत असतात, पुढची भेट थेट तिसऱ्या महिन्यात. मधल्या काळात रुग्णालयातून घरी आलेल्या बाळाकडे आठवड्याच्या आत एक जादा भेट व्हावी, तिचा वेगळा मोबदला आशाताईंना मिळावा आणि त्या भेटीच्या फॉर्मवर आईच्या झोपेचा, जेवणाचा, मनःस्थितीचाही एक रकाना असावा. जिल्हा आरोग्य यंत्रणेने हे मनावर घ्यावं, ही विनंती.

– एक वाचक, ता. राजापूर, जि. रत्नागिरी