उत्तरासोबत त्याची अटही छापावी

प्रति,
मा. संपादक यांस,

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीच्या शेवटच्या पानावरील सामान्यज्ञानाची प्रश्नमंजूषा मी गेली कित्येक वर्षे नेमाने सोडवीत आलो आहे. दहाही प्रश्न एकदा वाचून काढायचे, समासात पेन्सिलीने उत्तरे लिहायची आणि मग अंक उलटा धरून तळाशी बारीक टाइपात उफराटी छापलेली उत्तरे ताडून पाहायची, हा माझा ठरलेला क्रम आहे. अलीकडे मात्र ताडून पाहताना माझ्या उत्तराऐवजी आपल्याच उत्तरावर पेन्सिलीने फुली मारण्याची वेळ वरचेवर येऊ लागली आहे, म्हणून हे पत्र.

ताजे निमित्त जागतिक पुस्तक दिनाच्या प्रश्नाचे. ‘एकाच दिवशी निधन पावलेले दोन थोर साहित्यिक कोणते?’ असे आपण विचारले आणि उत्तर दिले, ‘शेक्सपिअर व सर्व्हान्टिस, २३ एप्रिल १६१६’. इंग्लंडचा नाटककार शेक्सपिअर आणि स्पेनचा कादंबरीकार सर्व्हान्टिस, ही तारीख दोघांच्याही नावापुढे लागते हे खरे. पण दिवस एक नव्हता. स्पेनने ऑक्टोबर १५८२ मध्येच जुनी ज्युलियन दिनदर्शिका सोडून आज आपण वापरतो ती ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली होती आणि त्यासाठी ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर मोजला होता. इंग्लंडने हा बदल तब्बल १७० वर्षांनी, म्हणजे सप्टेंबर १७५२ मध्ये केला, त्यामुळे १६१६ साली दोन्ही देशांच्या तारखांत १० दिवसांचे अंतर होते. माद्रिदमध्ये २३ एप्रिल उजाडला तो शनिवारी. शेक्सपिअर ज्या २३ एप्रिलला वारला तो मंगळवार होता आणि स्पेनच्या हिशेबाने त्या दिवशी ३ मे होता. त्यातही सर्व्हान्टिसचा मृत्यू २२ एप्रिलचा आणि २३ ही दफनाची तारीख, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे आपल्या उत्तरातला एकुलता एक जोड दोन ठिकाणी निखळतो. वाईट याचे वाटते की खरी हकीकत छापलेल्या उत्तरापेक्षा कितीतरी सरस आहे आणि ती सांगायला दोन ओळींहून अधिक जागा लागली नसती. क्रांतीच्या वेळी रशियातही जुनीच दिनदर्शिका होती, तेव्हा तेथील ‘ऑक्टोबर क्रांती’ची वर्धापनदिनाची तारीख ७ नोव्हेंबर का, हे कोडेही त्याच दोन ओळींत सुटले असते.

कोणत्याही प्रश्नाचे उत्तर एका शब्दात मावावे, या हट्टामुळे त्या उत्तरामागची अट गळून पडते, ही माझी मूळ तक्रार आहे. ‘जगातील सर्वांत उंच पर्वत कोणता?’ हा प्रश्न घ्या. समुद्रसपाटीपासून मोजले तर एव्हरेस्ट, ८,८४८.८६ मीटर, हा आकडा नेपाळ आणि चीन यांनी २०२० मध्ये संयुक्तपणे जाहीर केला. पायथ्यापासून मोजायचे ठरवले, तर समुद्रतळावरून वर आलेला हवाईमधील मौना केआ १० हजार मीटरच्या पुढे जातो, जरी पाण्याबाहेर त्याचे ४,२०७ मीटरच दिसतात. आणि पृथ्वीच्या केंद्रापासून मोजले तर मान इक्वेडोरमधील चिंबोरासोकडे जातो. त्याची उंची अवघी ६,२६३ मीटर. पण पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे, तेथील त्रिज्या ध्रुवाकडील त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त आहे आणि चिंबोरासो विषुववृत्ताला जवळजवळ लागूनच उभा आहे, त्यामुळे त्याचे शिखर एव्हरेस्टपेक्षा केंद्रापासून सुमारे दोन किलोमीटर अधिक दूर पडते. माझ्या नातीने एका शालेय स्पर्धेत या प्रश्नावर ‘कुठून मोजायचे?’ असे परीक्षकांना विचारले होते. वेळ संपल्याची घंटा वाजली आणि तिला शून्य गुण मिळाले. त्या फेरीतले सर्वांत जाणते वाक्य तिचेच होते, असे आजोबा म्हणून नव्हे, तर जुना प्रश्नमंजूषाप्रेमी म्हणून मला वाटते.

‘पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला खलाशी’ म्हणून आपण मॅगेलनचे नाव निदान तीनदा छापले आहे. माझ्याकडे कात्रणे आहेत. सप्टेंबर १५१९ मध्ये पाच जहाजे घेऊन स्पेनहून निघालेला मॅगेलन २७ एप्रिल १५२१ रोजी फिलिपाइन्समधील माक्तान बेटावरील लढाईत मारला गेला. सप्टेंबर १५२२ मध्ये ‘व्हिक्टोरिया’ हे एकमेव जहाज अठरा माणसांसह परत आणले ते त्याच्याच ताफ्यातल्या हुआन सेबास्तियान एल्कानोने. या सफरीतला खरा प्रश्नमंजूषेजोगा प्रसंग वेगळाच आहे. परतीच्या वाटेवर जहाज केप व्हर्ड बेटांना लागले, तेव्हा पिगाफेटा या रोजनिशी लिहिणाऱ्या प्रवाशाच्या हिशेबाने बुधवार होता आणि किनाऱ्यावरचे लोक गुरुवार असल्याचे सांगत होते. त्याने रोजनिशीत एकही दिवस चुकवला नव्हता. सतत पश्चिमेकडे, सूर्यामागोमाग जात राहिल्याने प्रत्येक दिवस किंचित लांबत गेला आणि पूर्ण फेरीत त्यांचा एक सूर्योदय कमी भरला. ‘कोणतीही नोंद न चुकवता एक दिवस कसा हरवला?’ असा प्रश्न आपण विचारला असता, तर मी अख्खा रविवार त्यावर घालवला असता.

काही प्रश्नांत तर खोटे गृहीतकच दडलेले असते. ‘बीथोव्हेनने आपल्या सोनाटाला “मूनलाइट” हे नाव का दिले?’ याचे उत्तर, त्याने दिलेच नाही. १८०१ मधील या पियानोरचनेला त्याने ‘जणू एक स्वैर कल्पना’ अशा अर्थाचे इटालियन उपशीर्षक दिले होते. चांदण्यातील सरोवराची उपमा रेलश्टाब या समीक्षकाची आणि ते नाव रूढ झाले ते बीथोव्हेनच्या मृत्यूनंतर. आइन्स्टाइनला सापेक्षतेसाठी नोबेल मिळाल्याचे उत्तरही असेच. १९२१ चे ते पारितोषिक प्रामुख्याने प्रकाशविद्युत परिणामाच्या, म्हणजे प्रकाश पडल्यावर धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याच्या, नियमासाठी होते.

उत्तरे शिळी होतात ते निराळेच. २०२३ च्या आरंभी गुरू ९२ उपग्रहांसह आघाडीवर होता. त्याच वर्षी शनी १४५ वर पोहोचला आणि मार्च २०२५ मध्ये २७४ वर. कझाकस्तानच्या राजधानीचे नाव २०१९ मध्ये नूरसुलतान झाले आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. अशा उत्तरापुढे कंसात महिना व वर्ष छापले की भागते.

माझी सूचना एवढीच की दहाऐवजी सहाच प्रश्न द्यावेत आणि वाचलेल्या जागेत प्रत्येक उत्तरामागे ते कशाच्या आधारे, कुठून मोजून, कोणत्या सालापर्यंत खरे आहे, याची एक ओळ द्यावी. तूर्त २३ एप्रिलच्या उत्तराची दुरुस्ती येत्या रविवारी छापावी, ही विनंती. उत्तरे उलटी छापण्याची पद्धत मात्र तशीच राहू द्यावी. अंक फिरवेपर्यंतचे ते दोन क्षण मला हवे असतात.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक