आई-बाबा, सगळं एकाच सोमवारी कशाला बदललं?

आई, बाबा,

फोनवर बाबांच्या पोटाचा आणि नव्या खाण्याचा विषय काढला की बाबा "हं, घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात, म्हणून लिहूनच पाठवतोय. आई, तू वाचून दाखव, आणि मधलं काही गाळू नको.

मागच्या आठवड्यात चार दिवस नागपूरला होतो तर रोज रात्री तीनच्या सुमाराला संडासाच्या दाराची कडी वाजायची. बाबा सकाळी अंबाझरी तलावावर फिरायला जाऊन नाही राहिले, म्हणे गुडघा दुखते. पण त्याच गुडघ्याने टाकी भरली का पाहायला दोनदा गच्चीवर चढून आले, तेव्हाच मला शंका आली. मंग आईने कणीक मळता मळता हळूच सांगितलं, गुडघा-बिडघा काही नाही, फिरताना मधेच लागली तर जायचं कुठे म्हणून पंधरा दिवस झाले घराबाहेर निघत नाहीत. बाबा, हे मला लपवायचं काय होतं? मे महिन्याच्या 45 डिग्रीतही सकाळी साडेपाचला बूट घालून तयार असणारा माणूस तुम्ही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं एवढंच, की एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, 7.1 आहे, गोड बंद, भात-पोळी थोडी कमी, आणि मेटफॉर्मिन ही डायबिटीसची गोळी सुरू. बाकी सगळं बाबांच्या फिरायच्या ग्रुपने आणि मोबाईलवरच्या व्हिडिओने सांगितलं. मी ओटा पाहिला ना, एका लायनीत वाट्या: मेथीदाणे, कच्ची मटकी, कच्चे चणे, जवस, बाजूला इसबगोलचा डबा. दुपारी पोळीच्या जागी दोन ज्वारीच्या भाकरी, रात्री जेवण नाहीच, परातभर काकडी-गाजर-कोबी. आणि हे सगळं एकाच सोमवारपासून! चाळीस वर्षं गव्हाची पोळी आणि पांढरा भात खाल्लेल्या पोटावर.

बाबा म्हणतील आम्ही लहानपणी ज्वारीच खाऊन मोठे झालो. झालात ना, पण ते पोट तेव्हाचं. आपल्या मोठ्या आतड्यात जे जंतू असतात ते आपण रोज जे खातो त्याच्या सवयीचे होतात. फायबर, म्हणजे धान्य-भाज्यांतला चोथा, आपल्याला स्वतःला पचत नाही, ते खाली जाऊन हे जंतू आंबवतात आणि त्यातून गॅस होतो. थोडं थोडं वाढवलं तर दोन-चार आठवड्यांत पोट रुळतं, एकदम ओतलं तर मंग पोट नगाऱ्यासारखं. मटकी-चण्यात अजून एक भानगड आहे, त्यातल्या काही साखरा फोडायचं पाचकच माणसाच्या आतड्यात नाही. मोड आणून, शिजवून त्या बऱ्याच कमी होतात. आजी कधी कच्ची मटकी द्यायची का तुम्हाला? उसळच करायची, वरून हिंगाची फोडणी. हैदराबादची जी राष्ट्रीय पोषण संस्था आहे ती 2000 कॅलरीच्या जेवणात साधारण 30 ग्रॅम फायबर सांगते, म्हणजे फायबर वाईट नाहीच, पण तिथं पोचायला घाई कशाला.

आणि खरी गंमत (गंमत कसली म्हणा) वेगळीच आहे. तुम्ही आहार बदलला त्याच आठवड्यात गोळी सुरू झाली. मेटफॉर्मिनने सुरुवातीला बऱ्याच जणांना पातळ होतं, गॅस होतो, मळमळतं. ती जेवणासोबत नाहीतर जेवल्यावर लगेच घ्यायची असते आणि बाबा घेऊन राहिले सकाळी सहाला, उपाशीपोटी, मेथीच्या पाण्यासोबत! आता मटकीने होऊन राहिलं की गोळीने, कसं कळणार? म्हणून आधी खाणं जुन्यावर आणा, गोड सोडून. मंग आठवड्याला एकच गोष्ट वाढवा, पहिले एका वेळची भाकरी, पोट ठीक राहिलं तर पुढची. गोळी मनाने बंद करायची नाही. डॉक्टरांना सरळ सांगा की रात्री उठावं लागते. ते डोस हळूहळू वाढवू शकतात नाहीतर हळू विरघळणारी गोळी देऊ शकतात, ती पोटाला बरी पडते. पण तुम्ही तिथं जाऊन "एकदम ओके" म्हणता, तं ते काय करतील.

आई, आता तू. बाबांना सोबत म्हणून तूही तेच ताट घेऊन राहिली आणि तुला उलटं, तीन-तीन दिवस साफ होत नाही. रात्री उठावं लागते म्हणून तू संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही, त्यात कॅल्शियमची गोळी, तिने अजून घट्ट होते. पाण्याशिवाय एवढा कोंडा पोटात गेला की तो अडूनच बसणार. दिवसाउजेडी पाणी जास्त पी. आणि इसबगोल घोटभर पाण्यात गिळायचं नसते गं, घशात फुगून अडकू शकते. पूर्ण ग्लास पाणी, आणि बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब. जवसाची चटणी मात्र खा, ती आपल्या घरात कायमच आहे.

बाबा साखर म्हणून ओआरएस नको म्हणतात. जास्त पातळ झालं त्या दिवशी ते घ्यायचंच. लिटरभर पाण्यात त्यातलं ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम असतं आणि ते चवीसाठी नसते, त्याच्याच जोरावर आतडं मीठ-पाणी आत ओढते. एक लिटरवाली अख्खी पुडी एक लिटर पाण्यात, अंदाजे चिमूटभर नको.

पण रक्त दिसलं, शी डांबरासारखी काळी झाली, ताप आला, वजन उतरायला लागलं, नाहीतर पोट फुगून उलट्या आणि हवाही सरत नाही असं झालं तर माझ्या फोनची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना. आणि जुन्या खाण्यावर येऊनही तीन आठवड्यांत फरक नाही पडला तरी तपासायचंच. बाबा 68 चे आहेत, सगळं मटकीवर ढकलून चालणार नाही.

एक राहिलं. बाबा, पुस्तकांच्या कपाटात मागे शुगर-फ्री चॉकलेटचा डबा आहे तो मी पाहिला. चष्मा लावून मागचं बारीक वाचा, मॉल्टिटॉल लिहिलं आहे, ते साखरेच्या जागी घालतात ते पॉलिऑल जातीचं गोड, आणि त्याखाली पॉलिऑल्सने पातळ होऊ शकतं असंही छापलं आहे. रात्री जेवण नाही म्हणून भूक लागते आणि मंग तुम्ही चार-पाच तुकडे खाता ना? आणि तीनला कडी वाजते. आई, हे वाचताना त्यांचा चेहरा पाहून घे आणि मला सांग.

उद्यापासून रात्री थोडं वरण-भात. अंबाझरीला जमेल तेव्हा जा, नाहीतर सध्या कॉलनीतच दोन चकरा मारा, घर जवळ राहते. मारल्या की नाही तेवढं आईच्या मोबाईलवरून कळवा.

तुमचा,
बाळू